कितीने मधला 'ने'

आमच्या शाळेच्या दारातच एक छोटा फळा आहे. रोज परिपाठ झाला की त्यावर पट, म्हणजे नाव नोंदवलेली एकूण पोरं, आणि हजर लिहायचं, कुठल्याही जिल्हा परिषदेच्या शाळेत जा, हा फळा असतोच. पोषण आहाराचा हिशोबही त्यावरच चालतो, पहिली ते पाचवीच्या पोराला दिवसाला १०० ग्रॅम तांदूळ, त्यामुळे हजेरी चुकली की खिचडीचं माप चुकलं. माझ्याकडे तिसरी-चौथी एकत्र, पट २३. त्या दिवशी हजर होते १९. मी फळ्यापाशी उभं राहून सहज विचारलं, "पटापेक्षा हजर कितीने कमी?" तर अर्धा वर्ग ओरडला "एकोणीस!" आणि दोघातिघांनी चक्क बेरीज करून "बेचाळीस" सांगितलं.

मग मी विचारलं, "बरं, आज किती जण आली नाहीत?"

एका दमात उत्तर, "चार!" आणि नुसतं चार नाही, चौघांची नावं, कोण मामाच्या गावाला गेलाय, कोणाला ताप आलाय, कोण शेरडं घेऊन गेलाय, सगळं.

आकडे तेच, वजाबाकी तीच, फळाही तोच. एका प्रश्नाला चुकीची उत्तरं आणि दुसऱ्याला बरोबर उत्तराचा गलका. मी त्या दिवशी घरी येईपर्यंत एसटीत हाच विचार करत होते.

झालं असं होतं की त्याच आठवड्यात मी वर्गाला स्तंभालेख, म्हणजे खांबांच्या उंचीने आकडे दाखवणारा आलेख, शिकवायला घेतला होता. खरं तर आपल्या पुस्तकांत पाचवीला चित्रालेख येतो (खांबांऐवजी चित्रांच्या रांगा), स्तंभालेख सहावीला आणि जोडस्तंभालेख (दोन-दोन खांब शेजारी) सातवीला, पण मला वाटतं की खांब बघून मोठं-लहान सांगणं तिसरीच्या पोरालाही जमतं, मग कशाला थांबायचं. मी फळ्यावर चार खांब काढायचे, खाली आंबा, पेरू, केळी, सीताफळ लिहायचं आणि विचारायचं, सगळ्यात जास्त कोणाला आवडतं? सगळ्यात कमी काय? पोरं पटापट सांगायची. मला वाटायचं आलं यांना. पण "सगळ्यात उंच कुठला" हे तर बालवाडीतलं पोरही सांगेल, त्याला ना आकडा लागतो ना आलेख. "पेरूपेक्षा आंबा कितीने जास्त" असं विचारलं की तेच, आंब्याच्या खांबावरचा आकडा वाचून दाखवायचे. आंबा ८ आहे ना, मग ८.

पोरांना फक्त 'किती' ऐकू येतं. तो शेवटचा 'ने' ऐकूच येत नाही. आपल्या भाषेत 'किती' आणि 'कितीने' यात एवढंसंच अक्षर आहे पण त्या अक्षराने प्रश्नच बदलतो. 'किती' म्हटलं की एक खांब बघायचा, 'कितीने' म्हटलं की दोन खांब एकदम बघायचे आणि त्यातलं जे कुठेच काढलेलं नाही ते मोजायचं. विचार करा, फरकाचा खांब आलेखात कुठेच नसतो! तो असतो बुटक्या खांबाच्या डोक्यावरच्या रिकाम्या जागेत. आठ वर्षांच्या पोराला आपण सांगतोय की जे काढलेलं नाहीये ते मोज. अवघड आहे हो ते. आणि आपण त्यांना म्हणतो की "नीट बघ", "लक्ष कुठाय तुझं".

हे फक्त माझ्या वर्गात होतं असंही नाही. हडसन नावाच्या संशोधकाने १९८३ मध्ये लहान मुलांना एक चित्र दाखवलं होतं, काही पक्षी आणि त्याहून कमी अळ्या. "अळ्यांपेक्षा पक्षी कितीने जास्त?" असं विचारलं तर बरीच मुलं अडली, पण "प्रत्येक पक्ष्याने अळी पकडायला झेप घेतली तर किती पक्ष्यांना अळी मिळणार नाही?" असं विचारलं तर जवळपास सगळ्यांना आलं. हे वाचलं तेव्हा मला माझा हजेरीचा फळाच आठवला. पोरांना वजाबाकी येते, फरक समजतो, फक्त तो त्यांच्यापर्यंत कुठल्या शब्दांतून पोचतो यावर सगळं आहे.

तर मग मी फळ्यावरचे खांब पुसले आणि पोरांना रिकाम्या काडेपेट्या आणायला सांगितलं. आठवडाभरात ढीग जमला. सगळ्या एकाच मापाच्या निवडून घेतल्या, हे महत्त्वाचं आहे, का ते पुढे सांगते. ऑगस्ट महिना होता. मी प्रश्न दिला, काल रात्री तुमच्या घरी ज्वारीची भाकरी होती, बाजरीची होती, चपाती होती का नाचणीची भाकरी? प्रत्येकाने एक काडेपेटी घ्यायची आणि आपापल्या जागी रचायची.

लगेच एक जण उठला. "बाई, मी भाकरी बी खाल्ली आन चपाती बी."

आता काय करायचं? मी उत्तर दिलं नाही, वर्गालाच विचारलं. एकजण म्हणाला त्याला दोन पेट्या द्या. दुसरी म्हणाली मग तो दोन पोरं झाला की, आन आपण पोरं मोजतोय. एकाने पेटी मधून फाडायची सूचना केली. पाच-दहा मिनिटं हा वाद चालला आणि मी त्याला मुद्दाम हात लावला नाही, कारण माहिती गोळा करणं म्हणजे हेच, कुठलं पोर कुठल्या खान्यात घालायचं हे ठरवणं, आणि ते कोणीतरी ठरवलेलं असतं, आभाळातून पडत नाही. शेवटी ठरलं की जे जास्त खाल्लं ते धरायचं. तेवढ्यात दुसरी म्हणाली आमच्यात काल नुसता भात होता, बाई उपाशी ठेवता काय आम्हाला? म्हणजे मी दिलेल्या चार खान्यांत भातच नव्हता. पाचवा खाना केला.

आणि नाचणी. आमच्याकडे साताऱ्यातल्या माण तालुक्यात नाचणी कोण खातंय, एकही पेटी नाही पडली. एकाने नाचणीच्या नावाची चिठ्ठीच उचलून टाकली, म्हणे इथं कोणच न्हाय. मग विचारलं, ही चिठ्ठी ठेवायची का काढायची? बराच वेळ कोणी बोललं नाही, मग एक मुलगी म्हणाली, "ठेवायची बाई. न्हायतर कळनार कसं की कोणच खाल्ली न्हाय." मला इतका आनंद झाला म्हणून सांगू. शून्याचा खांब दिसत नाही पण त्याची जागा असते, हे तिचं तिला सुचलं.

रचून झाल्यावर ज्वारी ९, चपाती ७, बाजरी ४, भात १, नाचणी ०. हजर होते २१, आणि पेट्याही २१ भरल्या हे पोरांनी स्वतःच मोजून बघितलं.

पण एक गंमत झाली होती. बाजरीवाल्या चौघांनी पेट्या उभ्या रचल्या होत्या आणि चपातीवाल्यांनी आडव्या. त्यामुळे चपाती ७ असून बाजरीपेक्षा बुटकी दिसत होती. मी काहीच न बोलता विचारलं जास्त काय? तर बऱ्याच जणांनी बाजरी सांगितलं! चपातीवाले चिडले. "बाई, त्यांनी पेट्या हुभ्या लावल्यात!" मग सगळ्या पाडून पुन्हा आडव्या रचल्या. त्यातच भाताची एक पेटी कोणीतरी दप्तरावर ठेवली होती तर तीही सगळ्यांच्या वर दिसायला लागली. तेव्हा मी दोघांना भिंतीला लावून उभं केलं उंची बघायला, आणि त्यातल्या बुटक्याला पायरीवर उभं केलं. सगळे ओरडले चालत न्हाय, चालत न्हाय, खाली उतर. झालं, तिथेच खडूने एक रेघ मारली आणि सांगितलं की सगळे खांब या रेघेवर पाय ठेवून उभे राहणार, शर्यतीत जसं रेघेच्या मागे पाय असतो तसं. पोरं त्याला अजून 'पायरेघ' म्हणतात. पुस्तकात आडवा अक्ष, शून्यापासून सुरुवात वगैरे जे येतं ते सगळं या पायरेघेत आहे.

आता खरा प्रश्न. बाजरीपेक्षा ज्वारी कितीने जास्त?

या वेळी मी तसं विचारलंच नाही. मी ज्वारीच्या आणि बाजरीच्या गठ्ठ्यांपाशी दोन मुली बसवल्या आणि सांगितलं दोघींनी एकदम एकेक पेटी काढायची. एक तुझी एक तिची, दुसरी तुझी दुसरी तिची. चार वेळा झालं की बाजरी संपली. ज्वारीच्या ५ पेट्या उरल्या. "कोणाला जोडी मिळाली नाही?" "ज्वारीच्या पाच जनांना." मग पुन्हा रचलं, आणि या वेळी एकाला सांगितलं की बाजरीच्या डोक्यावर बोट ठेव आणि तिथपासून ज्वारीच्या टोकापर्यंत किती पेट्या मोज. पाच. मग मी तो शब्द आणला, हळूच, "म्हणजे बाजरीपेक्षा ज्वारी पाच'ने' जास्त." 'ने' वर जोर देऊन. आणि तीन-चार दिवस रोज, हजेरीच्या फळ्यापाशी आधी "किती जण आली नाहीत" आणि लगेच त्याच्या पाठोपाठ "म्हणजे पटापेक्षा हजर कितीने कमी", दोन्ही वाक्यं जोडून. पोरांच्या ओळखीच्या वाक्याचं बोट धरून नवं वाक्य आत येतं, एकटं आलं की दारातच थांबतं.

मग पेट्यांवरून चौकटीच्या वहीवर आलो. एक चौकट म्हणजे एक पोर. खांब रंगवायचे. आणि इथे मी एक गोष्ट केली जी मला आता सगळ्यात कामाची वाटते, ती म्हणजे फरकाची जागा पण रंगवायला लावली. ज्वारी लाल, बाजरी हिरवी, आणि बाजरीच्या डोक्यावर ज्वारीच्या उंचीपर्यंत नुसत्या पेन्सिलीने तिरक्या रेघा. त्या रेघांच्या चौकटी मोजा, तो तुमचा 'ने'. पंधरा दिवस असं केलं आणि मग रेघा बंद केल्या. डोळे आपोआप त्या जागेकडे जायला लागले.

मध्येच एक दिवस मी पोरांना विल्यम प्लेफेअरची गोष्ट सांगितली. स्कॉटलंडचा माणूस, १७८६ साली त्याने एक नकाशासंग्रहासारखं पुस्तक काढलं, पण त्यात देशांचे नकाशे नव्हते, व्यापाराचे आलेख होते. बहुतेक आलेख वर्षानुवर्षांच्या आकड्यांच्या रेघांचे होते, पण स्कॉटलंडची त्याच्याकडे एकाच वर्षाची माहिती होती, १७८०च्या नाताळपासून १७८१च्या नाताळपर्यंतची. एका वर्षाची रेघ कशी काढणार? म्हणून त्याने १७ ठिकाणांसाठी खांब काढले, आडवे, प्रत्येक ठिकाणाला दोन, एक तिथून आलेल्या मालाचा आणि एक तिकडे गेलेल्या मालाचा. उभ्या रेघांमधलं एकेक अंतर म्हणजे १०,००० पौंड. हाच पहिला स्तंभालेख मानतात. म्हणजे बघा, पहिला स्तंभालेखच मुळात जोडस्तंभालेख होता, दोन गोष्टी शेजारी ठेवून बघायलाच तो जन्माला आला.

त्याने आलेख समजावताना आणखी एक छान दाखला दिलाय. समजा एखादा व्यापारी रोज संध्याकाळी दिवसभरात आलेल्या गिनी, म्हणजे सोन्याची नाणी, एकावर एक रचून एकेक गठ्ठा करत गेला, तर एक गठ्ठा म्हणजे एक दिवस आणि गठ्ठ्याची उंची म्हणजे त्या दिवसाची कमाई. हे सांगितल्यावर आमच्यातला एक जण, ज्यांच्या घरचं किराणा दुकान आहे, तो म्हणाला माझं आज्जा बी असंच करतंय, रुपयाची चिल्लर येगळी, दोनची येगळी, पाचची येगळी. आणि मग स्वतःच म्हणाला, पण बाई पाचचं नाणं जाड असतंय. मी थक्क झाले. उभ्या-आडव्या पेट्यांची गोष्ट त्याने नाण्यांना लावली. सारख्या मापाच्या वस्तू नसतील तर उंचीवरून तुलना करता येत नाही, हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

चित्रालेखात पण हीच मोठी फसगत होते, आणि माझी तक्रार आहे की वर्कशीट बनवणारे याकडे बघत नाहीत. मला एका प्रशिक्षणात वाटलेल्या वर्कशीटमध्ये हत्तीचं चित्र मोठं, सशाचं छोटं, आणि दोन्ही रांगा शेजारी. ५ हत्तींची रांग ८ सशांच्या रांगेपेक्षा लांब. पोरं साहजिकच हत्ती जास्त म्हणणार. आणि आपण लाल पेनाने चूक देणार. चूक पोराची नाहीये. चित्र काढायचंच तर सगळ्यांसाठी एकाच मापाची चौकट घ्या आणि त्यात चित्र बसवा, हत्ती असो का मुंगी.

प्रमाण, म्हणजे एक पेटी किंवा एक चौकट किती पोरांची धरायची हे, शिकवताना मात्र मला वेळ लागला. पूर्ण शाळेची माहिती घ्यायची ठरली आणि पेट्या पुरेनात. मग एक पेटी म्हणजे ५ पोरं. पहिला प्रश्न, बाई एका पेटीत पाच पोरं बसतील कशी? मी पेटीत पाच काड्या घातल्या. बसली. मग ७ पोरं असतील तर? एक पेटी आणि दोन काड्या बाजूला. वहीत गेल्यावर ती जागा दोन चौकटींच्या रेघांच्या मध्ये कुठेतरी येते, आणि तिथे मोठ्या वर्गातली पोरंही अडतात, जवळच्या रेघेवरचा आकडा वाचून मोकळी होतात. माझा अनुभव असा की तिसरीला २ च्या पुढचं प्रमाण वहीत देऊच नये, पाचचा पाढा आणि पाच-पाचच्या टप्प्यांनी मोजणं तोंडात बसलं की मग ५ घ्या, मग १०. घाई करून काही मिळत नाही.

गणितशिक्षणाच्या अभ्यासक फ्रान्सिस कर्सिओ यांनी १९८७ मध्ये आलेख वाचण्याच्या तीन पायऱ्या मांडल्या होत्या, आलेखात आहे ते वाचणं, आलेखातल्या गोष्टींची आपसात तुलना करणं, आणि आलेखाच्या पलीकडचं वाचणं. आपण बहुतेक वेळा पहिल्या पायरीवरच पाठ संपवतो. दुसऱ्या पायरीवरची धडपड वर सांगितलीच. तिसरी पायरी कशी आली ते सांगते. भाकरीचा आलेख भिंतीवर लावला होता, तर सप्टेंबरमध्ये एक मुलगी त्याच्याकडे बघत म्हणाली, "बाई, भोगीला काढला असता तर बाजरी लई झाली असती." तिने आलेखात नसलेलं वाचलं. बाजरी खरिपाची, आमच्याकडे सप्टेंबर-ऑक्टोबरात निघते, थंडीत घराघरात नवी बाजरी असते आणि भोगीला तीळ लावलेली भाकरी असतेच. मी म्हटलं बघूया, आणि ते कागदावर लिहून भिंतीला चिकटवलं.

जानेवारीत भोगीच्या दुसऱ्या दिवशी संक्रांत, त्याच्या पुढच्या दिवशी शाळेत आल्या आल्या पोरांनीच पेट्या काढल्या. प्रश्न "परवा रात्री काय होतं". हजर २२. बाजरी १३, चपाती ५, ज्वारी ३, भात १, नाचणी पुन्हा ०. ऑगस्टचे खांब निळे आणि जानेवारीचे केशरी, शेजारी शेजारी. बाजरी ४ वरून १३, आणि मी विचारायच्या आत कोणीतरी ओरडलं "नऊनं वाढली!" साताऱ्याकडचा 'नं', पण आला. मग दुसरा म्हणाला, पण आज एक पोर जास्त हाय बाई. बरोबर होतं त्याचं, मागच्या वेळी २१ होते आणि आज २२. त्या एकामुळे नऊने बाजरी वाढेल का, यावर पुन्हा चर्चा. नाही वाढणार, एकाने फार तर एक वाढेल, असं ठरलं. शेकडेवारी यांना अजून माहीत नाही, पण ज्या प्रश्नासाठी शेकडेवारी लागते तो प्रश्न यांना पडला.

आणि परवा एकजण घरून पेपरचं पान घेऊन आला, कुठल्यातरी जाहिरातीतले दोन खांब, एक दुसऱ्याच्या तिप्पट उंच. खाली बारीक आकडे होते, डावीकडचे आकडे ४० पासून सुरू. म्हणाला, "बाई, ह्यांनी पायरेघ वर घेतलीय." मी तो कागद आलेखाच्या शेजारीच लावलाय, पोरं येता-जाता वाचतात.

दारातला हजेरीचा फळा आता पोरंच भरतात. चौथीतल्या दोघींनी त्यावर पट आणि हजर असे दोन खांब आखून घेतलेत, २३ चौकटींचे, आणि रोज सकाळी हजरचा खांब खडूने रंगवतात. वरच्या ज्या चौकटी रिकाम्या राहतात त्यात त्या दिवशी न आलेल्यांची नावं लिहितात, एका चौकटीत एक. काल तीन नावं होती. त्यातल्या एकाच्या घरी दुपारच्या सुट्टीत दोघं जाऊन आली, आज तो आला, आणि आल्या आल्या त्याने स्वतःच्या हाताने आपली चौकट रंगवली.